टेलचं पाणी

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या थुंकीत रक्त पडलं तेव्हा मी मिरजेत डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि आपल्याला सगळं कळतं असं मला वाटत होतं. त्यांचा क्षय कधीच बरा झाला होता, पण त्या जुन्या जागेतली श्वासनलिकेची एक धमनी फुगून फुटली होती. डॉक्टर म्हणाले, जांघेतून बारीक नळी सरकवून ती आतूनच बंद करू. पुन्हा फुटली तर रक्त आवरेलच असं नाही. आप्पांनी सहीला साफ नकार दिला.

आप्पा साताऱ्याकडे कालव्यावर पाटकरी होते. साऱ्या शिवाराला पाळीपाळीनं पाणी वाटण्यात जन्म गेलेला. "रगतच तोडलं तर फुफ्फुस वाळंल की," ते म्हणाले.

मी वहीच्या पानावर चित्र काढलं. फुफ्फुसाला दोन पाणी. मोठा कालवा हृदयाच्या उजव्या बाजूनं येतो, साऱ्या अंगाचं रक्त हवेला आणतो. पण श्वासनलिकांच्या भिंतींना स्वतःला प्यायला महाधमनीवरून बारीक पाट निघतात. "त्यातला एक फुटलाय. तो बुजवायचा, एवढंच," मी तोऱ्यात सांगितलं.

आप्पा चित्रावरून बोट फिरवत राहिले. पाटाचं कुठलंही दार बंद करायच्या आधी त्या पाटानं शेवटच्या रानापर्यंत, म्हणजे टेलपर्यंत, चालत जायचं, ही त्यांची रीत. पाऊस असो, ऊन असो, ती कधी चुकली नाही.

"ह्या पाटावर खाली आणि कुणाचं रान भिजतंय?"

"कुणाचंच नाही," मी ठोकून दिलं.

मागे उभे असलेले डॉक्टर पुढे आले. "काका, बरोबर विचारलंत. एखाद्याच्या अंगात याच धमनीतून मज्जारज्जूला फांदी जाते. ती चुकून बंद झाली तर पाय जातात. म्हणून आधी नळीतून क्ष-किरणांत दिसणारं औषध आत सोडतो, सगळ्या फांद्या बघतो, मगच बंद करतो."

"मग करा," म्हणत आप्पांनी पेन मागितलं.

माझे कान तापले होते. तरी सातवी शिकलेल्या माझ्या बापाचा मला एवढा अभिमान वाटला, की मी सगळ्यांदेखत डोळे पुसले.

धमनी बंद करून दुपारी त्यांना बाहेर आणलं. डॉक्टर म्हणाले, पाय हलवा. चादरीखाली दोन्ही पाय हलले. आप्पांनी मला जवळ बोलावलं.

"टेलला पाणी पोचलंय," ते म्हणाले. "लिहून घे तुझ्या वहीत."