शुद्धीत असल्याची साक्ष

मी भ्रमिष्ट आहे, असे डॉक्टरीणबाई कागदावर लिहू लागल्या तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होते. चांद्याच्या दवाखान्यातली ती चैत्रातली सकाळ. खिडकीतून मोहाच्या फुलांचा जड, गोड वास येत होता आणि घामाने भिजलेली चादर पाठीला चिकटली होती. दोन दिवस कळा येत होत्या; मूल पोटात आडवे होते आणि त्यात हिवतापाची भर. ताप चढला की मी बरळत असे, उतरला की सारे लख्ख दिसे. बाई बंगालकडच्या, नुकत्याच आलेल्या. पोट उघडून मूल काढावे लागेल, नाहीतर दोघेही जाल, हे त्यांनी तोडक्या मराठीत मला समजावले होते. माझे पती जंगलखात्यात, दूर सिरोंच्याकडे; त्यांना वेळेत निरोप पोहोचणे शक्य नव्हते. मी शुद्धीत असेन तर माझा शब्द, नसेन तर घरच्यांचा, असे बाईंनी ठरवले होते. आणि सासूबाईंचा शब्द आधीच पक्का होता.

"पोट फाडाले आमी नाई म्हणतो. तिले घरी नेतो."

माझी शुद्ध तपासायला बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, पतीचे नाव काय? मी गप्प राहिले. नवऱ्याचे नाव उच्चारले की त्याचे आयुष्य उणे होते, हे माझ्या हाडीमाशी भिनलेले. आणि ते तर वाघांच्या रानात. बाईंनी तीनदा विचारले.

"पाह्यलं ना बाई? दोन दिवसांपासून भरमात बरळून राह्यली," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी लेखणी उचलली. काही सांगावे तर जीभ टाळूला चिकटलेली. महाकालीला मी लहानपणापासून आई म्हणत आले; त्या क्षणी मात्र वाटले, गाभाऱ्यात कुणीच नाही. तरीही मनातल्या मनात मागितले. जीव मागितला नाही. बोलता येऊ दे, एवढेच मागितले.

शेजारच्या खाटेवरच्या आपल्या बहिणीची शुश्रूषा करणारी एक गोंड बाई उठली. माझी तिची ओळख नव्हती.

"डॉक्टरीनबाई, आमच्याइथी बाया नवऱ्याचं नाव नाई घेत. दुसरं काई पुसा तिले." मग माझ्या ओठांना ओले फडके लावत ती हळूच म्हणाली, "उखान्यात घे ना वो. त्याले दोष नाई."

आणि त्या थंड ओलाव्यासरशी शब्द आपोआप जुळून आले:

"मोहाच्या फुलांचा वास येतो खिडकीतून आत,
माधवरावांच्या लेकराला द्यावा डॉक्टरांनी हात."

खाटाखाटांवरून हसू फुटले. "मरणाच्या दारीबी उखाना सुचते हिले!" सासूबाई पुटपुटल्या.

"भरमात कोनी उखाना जुळवते का, माय?" ती बाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. काय करणार आहोत, ते तुमच्या शब्दांत सांगा. पोट उघडाल, मूल काढाल. न केले तर? दोघेही जाऊ. केले तर नक्की वाचाल का? नाही, तेही ठाऊक आहे. कुणी बळजबरी केली? नाही. उत्तर देताना माझा आवाज मलाच अनोळखी, स्वच्छ वाटत होता. बाईंनी कागदावरचा 'भ्रमिष्ट' हा शब्द खोडला. मी माझी सही केली. सासूबाईंनी पदराने माझे कपाळ पुसले. मग महाकालीला नवस बोलत त्या उशाशीच बसल्या. त्यांनाही माझे मरणच भिववत होते, हे तेव्हा कळले.

मला मुलगी झाली. मी उठून बसेपर्यंत ती बाई बहिणीला घेऊन गावी गेली होती. तिचे नावही विचारायचे राहिले. देवीनेच तिला पाठवले का, यावर मी वाद घालत नाही; रोज सांजवातीला त्या बाईला हात मात्र जोडते.

शरण जाणे म्हणजे मुके होणे, असे मी फार वर्षे समजत होते. त्या सकाळी होकार माझा होता, म्हणूनच गुंगीचे औषध नाकात शिरताना मला उरलेले सारे आईच्या हाती ठेवता आले. जे आपल्या ओंजळीतच नाही, ते वाहणार तरी कसे?