मागच्या सीटवर बसून पसंत केलेली गाडी

आमच्या ह्यांना बेचाळिसाव्या वर्षापर्यंत मोटारसायकल येत नव्हती. गावात मिसरूड न फुटलेली पोरं गाड्या उडवतात, तिथे हे पायी. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगायची. ते खोटं होतं.

हे शाळेत शिपाई आहेत. गेल्या वर्षी बदली दुसऱ्या गावी झाली. शाळा उघडायला साडेनऊला पोचायचं आणि आमच्या गावची पहिली एसटी दहाची. म्हणून हे उजाडायच्या आत पायी निघायचे, तरी तीन वेळा उशीर होऊन मास्तर आणि पोरं कुलपाबाहेर उभी राहिली. आणखी एकदा असं झालं तर वर कळवावं लागेल, असं मोठे सर म्हणाले. त्या संध्याकाळी हे मला म्हणाले, "शिकतो आता. पण गाडी ठेंगणी बघू. दोन्ही पाय भुईला टेकले की मला भ्या न्हाई."

एवढंच मागितलं होतं.

रविवारी आम्ही मानवतला जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे गेलो. ह्यांनी सगळ्यात आधी एक काळी, बुटकी गाडी धरली. बसून बघितलं. टाचा टेकल्या. लहान मुलासारखे हसले. पण तिची मागची सीट फाटलेली होती. साडी चाकात जाऊ नये म्हणून बाजूला जाळी असते, ती वाकलेली. बाईमाणसाला पाय ठेवायची पट्टी तर नव्हतीच.

मला बोरीचं, माझ्या माहेरातलं लग्न आठवलं. धाकटी बहीण नवऱ्यामागे बसून थेट मांडवापर्यंत आली होती आणि मी फाट्यावर उतरून धुळीतून चालत. चार बायकांत ती म्हणाली, "अक्का, चालत आलीस व्हय? दाजीला अजून गाडी येईना का?"

विकणारा म्हणाला, "वहिनी, तुमी बी बसून बघा की. मागची सीट तुमचीच हाय."

परक्या माणसासमोर माझी मान वर होत नाही. पण त्या दिवशी मी शेजारच्या एका लाल, उंच गाडीवर चढून बसले. सीट रुंद, धरायला मागे दांडी, जाळी चकचकीत. पदर सावरला आणि म्हणाले, "हीच घ्या."

"उंच हाय गं."

"हुईल सवय. त्या फाटक्या सीटवर बसून मी कुटं येऊ?"

"साहेब, हायकोर्टाचा निकाल लागला," विकणारा म्हणाला. "आता अपील न्हाई."

हे हसले. लाल गाडीवर एकदा बसून तरी बघा, असं मी म्हणाले नाही.

विहारासमोरच्या मोकळ्या जागेत हे शिकायला लागले. माझे दीर मागून गाडी धरून पळायचे. तिसऱ्या दिवशी मी दाराआडून बघत होते. वळताना गाडी हळू झाली, ह्यांनी पाय खाली सोडला, नुसती बोटं टेकली आणि गाडी ह्यांच्या नडगीवर पडली.

ओट्यावरची एक बाई ओरडली, "भाऊजी, गाडी शिकायलाव का कुस्ती खेळायलाव?"

सगळ्या हसल्या. मीही पदर तोंडाला लावून हसले. ह्यांनी मला हसताना बघितलं.

दीर गाडी उचलत म्हणाले, "दादा, तुजे पायच पुरंनात. कुणी पसंत केली ही?"

"मीच," हे म्हणाले. "मलाच उंच पायजे होती."

मी दारातच होते. आत वळून हळद-तेल गरम करायला ठेवलं. तेच ह्यांच्या नडगीला लावलं. दुसऱ्या दिवशी हे उजाडायच्या आत लंगडत पायी शाळेला निघाले.

ते गेल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी मानवतला गेले. विकणाऱ्याकडे चार गिऱ्हाइकं उभी होती. काळी गाडी अजून तिथेच होती.

"काय वहिनी, हायकोर्टानं निकाल फिरवला का?"

"चूक माजी हाय," मी म्हणाले. "त्यांनी हीच धरली होती. मीच मदी बोलले. लाल घ्या आन् ही द्या."

संध्याकाळी विकणाऱ्याचा माणूस काळी गाडी दारात सोडून लाल घेऊन गेला. आता हे रोज काळ्या गाडीवर जातात. नऊला कुलूप उघडतात. वळणावर दोन्ही पाय खाली सोडून बदकासारखे चालवतात, पण पडत नाहीत.

गावात अजून चेष्टा होते. पारावर कुणी म्हणतं, "काय शिपाईमामा, उंच गाडीची लय हौस होती म्हणं तुमाला!" हे हसून मान हलवतात. मी पाण्याची घागर घेऊन तिथूनच जात असते. मानवतला चार परक्या माणसांसमोर जे म्हणाले, ते इथे म्हणवत नाही. म्हणून मुलीच्या वहीत मागच्या पानावर लिहिते आहे.

काल हे शाळेतून आले ते गाडीला पाय ठेवायची पट्टी बसवून. जाळीही सरळ करून आणली, सीट शिवली. म्हणाले, "बस आता. बोरीला जाऊन येऊ."

मी म्हणाले, भाकरी व्हायच्या आहेत. भाकरी केव्हाच झाल्या होत्या, पण त्या सीटवर बसवेना.