म्हातारा पहारेकरी कुणाचं नाव घेत नाही

दाराची कडी वाजली तरी ती पलंगाखाली शिरायची, म्हणून वडिलांनी तिला भागूबाई म्हणायला सुरुवात केली. त्यातला ‘भित्री’ हा शब्द ते गिळायचे, पण सगळ्यांना ऐकू यायचाच. पुढे हीच भागू लोकांना घाबरवून पोट भरू लागली. एका चित्रकथा-मासिकात ‘निळा पहारेकरी’ नावाच्या महानायकाची मालिका ती लिहायची. महिन्याच्या शेवटच्या पानावर त्याला मरणाच्या दारात लटकवायचं आणि पुढच्या महिन्यापर्यंत वाचकांचा जीव टांगणीला लावायचा, हे तिचं काम.

दुसऱ्या भागात मात्र तिनं घोळ केला. पहारेकऱ्याला पाण्यानं भरलेल्या खाणीत ढकललं खरं, पण बाहेर कसा काढायचा ते काही केल्या सुचेना. छापखान्याची घाई. शेवटी भविष्यकाळातून सत्तरीचा पहारेकरीच आला, पांढरी दाढी, कमरेत वाकलेला, आणि त्यानं तरुणपणच्या स्वतःला हात देऊन वर ओढलं. वाचक खूश झाले. तिसऱ्या भागानंतर मात्र पत्रांचा सूर बदलला. एका शिंपीणबाईंनी लिहिलं, ‘तो सत्तरीपर्यंत जगणार हे तुम्हीच दाखवलंत. आता तो आगीत पडो की दरीत, मी मशीन चालवता चालवता वाचते. पूर्वी मशीन थांबवावं लागायचं.’

ते पत्र संपादकांनी तिच्या टेबलावर आपटलं. “भागूताई, तो म्हातारा तोतया होता म्हणा आणि मोकळ्या व्हा.”

“मग पुढे कशावर विश्वास ठेवतील लोक?”

“ते तुम्ही बघा. सोमवारी पानं आली नाहीत, तर मालिका बंद.”

त्याच आठवड्यात वडिलांच्या घशात गाठ निघाली. वडिलांचा उभा जन्म रेल्वे स्टेशनावर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेलेला. निवृत्त झाले तरी स्वयंपाकघरातून “चहा झालाय” असं घोषणेच्या सुरात म्हणाले की शेजारचे हसायचे. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, “जिवाला धोका नाही. हवं तर लिहून देते.”

“आणि आवाज?” भागूनं विचारलं.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. “ते उघडून पाहिल्यावरच कळेल.”

शुक्रवारी सकाळी वडिलांना शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. जाताना ते म्हणाले, “वाचणार म्हणतायत ना? मग तोंड कशाला पाडतेस?” तिनं मान हलवली. दार बंद झालं. ती बाकावर बसली, उठली, पाणी प्यायली, परत बसली. शेवट ठाऊक होता, डॉक्टरांचा शब्द होता, तरी एका जागी बसवत नव्हतं. आत गेलेला माणूस परत येणार हे नक्की होतं. पण कोण होऊन परत येणार?

हात रिकामे नकोत म्हणून तिनं पिशवीतून दुसऱ्या भागाचा तो जुना अंक काढला. म्हाताऱ्या पहारेकऱ्याची ती तीन पानं. त्याला तिनं अकरा वाक्यं दिली होती. ती दोनदा वाचली, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचली. त्यात पहारेकऱ्याची बहीण कुठेच नव्हती. तरुण पहारेकरी जिच्यासाठी रोज संध्याकाळी घरी जायचा, एकाआड एका पानावर जिचा विषय निघायचा, तिच्याबद्दल म्हाताऱ्यानं अवाक्षर काढलं नव्हतं. ही सरळसरळ भागूची चूक होती, घाईत विसरलेली. पण आता त्या पानाकडे बघताना ती चूक वाटेना.

तिनं तिथेच, मांडीवर वही धरून, लिहायला घेतलं. ना आग, ना दरी. पहारेकरी घरी खुर्चीत बसलाय, बहीण त्याचे केस कापतेय आणि विजेच्या बिलावरून त्याला रागावतेय. मध्येच त्याला ते आठवतं: म्हातारा इतकं बोलला, हिच्याबद्दल का नाही बोलला? कात्री कानाजवळ वाजत राहते. एवढंच.

दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. जीव सुखरूप होता. आवाजाचं तीन आठवडे सांगता येणार नव्हतं, तोवर वडिलांनी चकार शब्द काढायचा नव्हता.

सोमवारी संपादकांनी पानं वाचली, पुन्हा मागे जाऊन वाचली. “मारामारी नाही,” ते कुरकुरले. मग हळूच म्हणाले, “मेली का हो ती?”

“माहीत नाही,” भागू म्हणाली. आणि ते खरं होतं.

अंक निघाला. तो वाचून वडिलांनी कागदावर लिहिलं, ‘मला तरी सांग.’ तिनं हात जोडले, तर ते दिवसभर तिच्यावर रुसून बसले.

तीन आठवड्यांनी आवाज आला. बारीक, खरखरीत, कुणा परक्याचाच. स्वतःचाच आवाज ऐकून वडील दचकले आणि पुढे दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी फोन वाजला, त्यांनीच उचलला. पलीकडून त्यांच्या सख्ख्या भावानं विचारलं, “कोण बोलतंय?” त्यांनी रिसीव्हर खाली ठेवून दिला. भागू दारात उभी होती. पुढे जावं की नाही, तिला कळेना.

फोन पुन्हा वाजू लागला. पाच वेळा वाजला, सहा वेळा वाजला. वडिलांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरायला गेले, दुखलं, थांबले. मग त्यांनी रिसीव्हर उचलला आणि त्या बारक्या, फाटक्या आवाजात आपलं नाव सांगितलं.