गुनवोरचं विरजण नासलं

वाडग्यातल्या बिअरचा एक घोट घेऊन म्हातारा ओडमुन म्हणाला, "चीज झकास झालंय हो, गुनवोर." तिथंच गुनवोर काय ते समजली.

व्हॉसच्या डोंगरात बिअर पिंपातून काढतात त्या संध्याकाळी शेजारीपाजारी चव बघायला येतात. बिअरला तोंडावर कुणी नावं ठेवत नाही, तशी रीतच नाही. चांगली उतरली असेल तर माणसं हलता हलत नाहीत, बिघडली असेल तर हवापाण्याचं, चीजचं बोलून काढता पाय घेतात. त्या दिवशी सगळ्यांना एकदमच आपापल्या गाई आठवल्या. शेजारी गेल्यावर गुनवोरनं स्वतः घोट घेतला. निव्वळ व्हिनेगर.

आणि चारच दिवसांनी, शनिवारी, तिच्या एकुलत्या एक लेकीचं, ओस्नेचं, लग्न होतं.

"विकतची आणू ना, आई," ओस्ने म्हणाली.

"या घरची नवरी विकतच्या बिअरवर सासरी जाणार? आधी मला पुरून टाक, मग जा."

चूक कुठं झाली ते तिला लख्ख कळलं. मागच्या खेपेला पिंपाच्या तळाचं यीस्ट काढून वाळवलं तेव्हा तिला सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, जिभेला चव नाही. "मी बघू का वास घेऊन?" असं ओस्नेनं विचारलं, तर "तुला काय कळतंय," म्हणून तिनं पोरीला हाकललं होतं. हे यीस्ट म्हणजे बिअरचं विरजण, एका खेपेतून पुढच्या खेपेत जाणारं. त्यात आंबटपणा शिरला की सगळं संपलं. गुनवोरच्या घरचं विरजण अख्ख्या खोऱ्यानं नेलं होतं. तिनं मात्र कधी कुणापुढे हात पसरला नव्हता, आणि ही गोष्ट ती चारचौघांत ऐकवायचीही.

सकाळी तिनं सगळी बिअर खताच्या ढिगावर ओतली. रडली नाही, पण ढिगाला दोन शिव्या घातल्या. मग लालबुंद तापवलेले दगड जुनिपरच्या डहाळ्या घातलेल्या पाण्यात सोडून पिंप आतून उकळून काढलं. मोड आणून वाळवलेला नवा जव भिजवला, चूल पेटवली. आता नाक मुठीत धरून वरच्या घरी इंगयेरकडे विरजण मागायला जायचं. तिनं चपला अडकवल्या.

दार उघडलं तर इंगयेर समोरच उभी, हातात बरणी.

"बाई, गाई आठवल्या म्हणून आम्ही सगळे पळालो, पण रात्रभर झोप नाही," इंगयेर म्हणाली. "घे. तुझंच आहे, माझ्या लग्नात दिलेलंस."

"तिचं कसलं? तू त्यात बाजारचं मिसळलंस," मागून शेजारचा सिगब्योर्न खेकसला. त्याच्याही हातात बरणी. "अस्सल माझ्याकडे आहे."

"तुझ्या बिअरला बकऱ्याचा वास येतो रे."

"तरी तू चार वाडगे रिचवतेस."

तेवढ्यात ओडमुनही डबा घेऊन आला. अंगणात नुसती जुंपली. गुनवोरनं एकेक झाकण उघडून वास घेतला. एकाला संत्र्याच्या सालीचा, एकाला धुराचा, एकाला मधाचा. सगळी तिचीच लेकरं, पण ज्याच्या त्याच्या घरी वाढलेली.

"ओस्ने, इकडे ये. तुझं नाक लाव," ती म्हणाली.

ओस्नेनं तिन्ही हुंगली आणि सांगितलं, "आई, एकातही खोट नाही."

"मग संध्याकाळी जवाचा काढा निवला की घाल तिन्ही."

विरजण पडताना घसा फाटेस्तोवर ओरडायचं असतं, नाहीतर बिअर मिळमिळीत होते म्हणतात. तिघं शेजारी आणि मायलेक असे किंचाळले की कुत्रं पळालं आणि कोंबड्या उडाल्या. गुनवोरला हसून हसून उचक्या लागल्या.

शुक्रवारी संध्याकाळी पिंप उघडलं. माणसं जमली. पहिला वाडगा ओडमुनला. त्यानं घोट घेतला. मग दुसरा. गुनवोरला राहवेना. "चीज कसंय?" तिनं विचारलं.

"चीजचं काय घेऊन बसलीस," ओडमुन म्हणाला, आणि बाकावर बसून बूट काढू लागला.