वन्संची काच

घरच्या माणसाच्या तपासणीची काच स्वतः रंगवायची नाही, हा लॅबचा नियम नव्या मुलींना शिकवायची हीच. आणि नणंदेच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा आला तेव्हा सोबतिणीला "तू जेवून घे" म्हणत काच हिनेच ओढली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आपल्या पेशींच्या अंगावर 'वाढा' हा हुकूम ऐकणारे कान असतात. स्तनाच्या एका जातीच्या कॅन्सरमध्ये ते बेसुमार होतात. मग पेशी वाढतच सुटतात आणि काखेतल्या गाठींपर्यंत हातपाय पसरतात. रंगवल्यावर काचेवर पेशींच्या कडा तपकिरी झाल्या, की कान जास्त आहेत असं समजायचं.

काच फिकी निघाली. तेवढ्यात वन्संचा फोन. राहवलं नाही हिला. "तसलं जोराचं काही नाही, वन्सं," ही बोलून गेली. जन्मभर हिच्या स्वयंपाकाला नावं ठेवणाऱ्या वन्संना हुंदका आवरेना. "वहिनी, तुझ्या तोंडात साखर पडो गं."

फोन ठेवून हिने काच पुन्हा पाहिली. प्रत्येक काचेच्या कडेला, ज्यात कान जास्त आहेत हे आधीच ठाऊक आहे, असा एक तुकडा लावतात. त्याच्यावर रंग चढायलाच हवा. तोही फिकाच होता. म्हणजे चाचणीच फसली होती. घाईत मधल्या एका रसायनाचा थेंब टाकायचा राहून गेला होता. मेली घाई!

सोबतिणीला सगळं सांगून ही बाहेर बाकावर बसली. काय मागावं देवाकडे, तेही कळेना.

सोबतिणीने रंगवलेल्या दुसऱ्या काचेवर दोन्ही तुकडे तपकिरी झाले. डॉक्टरांनी काच नीट पाहिली. "वेगाने वाढणारा आहे. पण हे कान बंद करणारं औषध आहे. पहिलं उत्तर गेलं असतं, तर ते तिला मिळालंच नसतं."

हिने लगेच फोन लावला. "वन्सं, मघाशी मी घाईत चुकीचं सांगितलं. आजार जोराचा आहे. पण त्याच्यावर औषध आहे, नेमकं त्याच्यावरच."



"एवढी कसली घाई होती तुला?"

"तुमची काच होती ना."

वन्संनी नाक ओढलं. "लेकीला सांगून बसले मी, आई वाचली म्हणून. आता माझ्याने नाही होणार. तूच सांग तिला."

फोन दुसऱ्या हातात गेला.

"मामी? आई का रडतेय?"

हिने आपल्या चुकीपासून सांगायला सुरुवात केली.