सोलांजच्या स्वयंपाकघरातली खुर्ची

सोलांज तेसिए आठवडाभर बेलविलच्या चढावरच्या एका दुकानात पासपोर्टचे फोटो काढायची. कान दिसू द्या, हसू नका, चला पुढचे या. ती खरी जगायची रविवारी. त्या दिवशी तिची माणसं घरी जमत: बाहुल्या करणारी बर्तिय, नाटकांचे पडदे रंगवणारा आन्सेल्म, अकॉर्डियन वाजवणारा गिस्लँ आणि नर्तक कोरांतँ. एकजात कलावंत, आणि एकजात खादाड. मसूर आणि सॉसेजचं पातेलं रिकामं झालं की कुणा एकाची पाळी यायची. वेताची खुर्ची खिडकीशी ओढायची, समोर तीन पायांवरचा जुना लाकडी कॅमेरा, आणि सोलांज डोक्यावर काळा कपडा घेऊन आत शिरायची. नटूनथटून यायचं नाही आणि उपाशी बसायचं नाही, एवढेच तिचे नियम. उपाशी माणूस फोटोत खोटं बोलतो, असं तिचं ठाम मत होतं.

फोटो लागायचे संडासाकडे जाणाऱ्या बोळात, कारण घरात दुसरी भिंतच मोकळी नव्हती.

"मला बरोबर संडासाच्या दाराशी टांगलंस ना, सटवे?" बर्तिय करवादायची.

"तिथे सगळे सावकाश बघतात तुला," सोलांज म्हणायची.

पुढे बर्तिय जिन्यावरून पडली आणि गेली. दफन उरकून आल्यावर सोलांज तिच्या फोटोसमोर उभी राहिली आणि तिला पहिल्यांदाच दिसलं की बर्तियचे डोळे लेन्सकडे नाहीत. ते किंचित वर, सोलांजच्या डाव्या खांद्यामागे लागलेले आहेत. हे कसं होईल? बटण दाबायच्या आधी ती प्रत्येकाला दटावून लेन्समध्ये बघायला लावायची. वर्षभरात आन्सेल्मचं हृदय बंद पडलं. त्याचाही फोटो तिने खाली काढला, उजेडात धरला. तीच नजर, तीच जागा. बोळातली बाकीची सगळी माणसं, जिवंत असलेली, सरळ तिच्याकडे बघत होती.

गिस्लँच्या वेळी तिने खुर्ची मुद्दाम दुसऱ्या भिंतीशी मांडली, स्वतःच्या पाठीशी कपाट येईल अशी. फोटो धुऊन निघाला तर गिस्लँ त्या कपाटाकडे बघत होता.

"तू कुठे बघत होतास रे?" तिने विचारलं.

"तुझ्याकडेच की! आणखी कुठे बघणार, म्हातारे?"

दोन महिन्यांनी गिस्लँही गेला. याबद्दल सोलांज कुणाशी अवाक्षर बोलली नाही. बोलणार तरी काय, आणि ऐकणाऱ्याने तिला वेड्यातच काढलं असतं. तिने फक्त रविवारचे फोटो बंद केले. जेवणं चालू ठेवली.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात कोरांतँ एकटाच जेवायला आला. ज्या आजाराचं नाव तेव्हा लोक दबक्या आवाजात घेत, तो त्याला झाला होता. चौतिसाव्या वर्षी त्याच्या गळ्याची हाडं मोजून घ्यावीत अशी वर आली होती.

"आज माझी पाळी," खुर्ची स्वतःच ओढत तो म्हणाला.

"तुझा आहे की एक. बोळात लावलेला."

"तो कुणीतरी टवटवीत गाढव आहे. मी हा आहे." तो हसला, मग हसायचा थांबला. "सोलांज, आता माझ्याकडे कुणी बघत नाही गं. पाववाली नजर चुकवते. डॉक्टर कागदाशी बोलतो. आईला मीच येऊ देत नाही, दोन वर्षं झाली. तू सगळ्यांकडे बघतेस ना, तसं एकदा माझ्याकडे बघ. आणि एक प्रत तिला पाठव. बास, एवढंच."

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगणं म्हणजे तू मरणार असं तोंडावर म्हणणं. सोलांज अंधाऱ्या खोलीत गेली, फिल्म ठेवायची चपटी पेटी उचलली आणि रिकामीच घेऊन बाहेर आली. फोटोच निघाला नाही तर नजर वळली की नाही हे ठरणार कसं, आणि ठरलं नाही तर कदाचित तो वाचेल, असा तिचा हिशोब. बाईचा जीव त्याच्यावर किती जडला होता ते यावरून समजा, एरवी ती एवढी खुळी नव्हती.

ती काळ्या कपड्याखाली शिरली. आत बाहुल्या चिकटवायच्या सरसाचा वास येत होता. बर्तियच्या बोटांना कायम यायचा तो.

"सोलांज," बाहेरून कोरांतँ हळूच म्हणाला, "तुझ्यामागचं दार उघडं आहे का?"

तिच्या मागे दार नव्हतं. भिंत होती आणि खिळ्याला लटकलेलं फडकं. तिने डोळे गच्च मिटून घेतले. तो कुठे बघतोय ते तिला बघायचंच नव्हतं. किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. मग चाचपडत पेटी घातली, कपड्याबाहेर येऊन मान खाली घातली आणि बटण दाबलं.

कोरांतँने मोठा श्वास सोडला. "केवढा वेळ बघत होतीस! कित्येक महिन्यांत असं कुणी बघितलं नव्हतं मला."

फोटो धुवायचं औषध संपलंय, कागद संपलाय, अशा थापा मारत तिने तीन रविवार काढले. चौथ्या रविवारी तो या जगात नव्हता.

एप्रिलमध्ये त्याची आई आली, मादाम केरमारेक, दूर समुद्रकाठच्या ब्रिटनीहून, पहिल्या गाडीने. ठेंगणी, काळा कोट, हातात घरचा लोण्याचा केक. बसायला दिसली ती खिडकीशी असलेली खुर्ची, तिथेच ती बसली. तिने पर्समधून मुलाचं पत्र काढून दाखवलं. सोलांजने माझा फोटो काढलाय, असं त्यात होतं. तुला मिळेल.

सोलांजच्या तोंडून खरं बाहेर पडलं. डोळ्यांचं नाही, पेटीचं. कॅमेऱ्यात फिल्म घातलीच नव्हती, मी घाबरले होते, असं ती म्हणाली आणि रडू लागली.

म्हातारी केक टेबलावर सरकवत म्हणाली, "जाऊ दे, पोरी. फोटो नाही तर नाही. त्याने लिहिलंय, तू खूप वेळ त्याच्याकडे बघत होतीस. मग तूच सांग मला. कसा दिसत होता माझा पोरगा?"

सोलांजने डोळे पुसले आणि आठवायला लागली. कपड्याखालचा काळोख आठवला. नंतर फरशी, आणि फरशीवर त्याचे दोन पाय.

"बूट," ती कशीबशी म्हणाली. "तपकिरी बूट होते. डाव्या पायाची नाडी तुटून गाठ मारलेली..."

"बूट आहेत माझ्याकडे," मादाम केरमारेक म्हणाली. "हॉस्पिटलवाल्यांनी पिशवीत घालून दिले."