भरदुपारची टॉर्च

शिरवण्याच्या बसथांब्यावर सकाळी साडेसातला गोटीकाका उभे असतात. वय छप्पन्न, अंगाने किडकिडीत, खांद्याला डब्याची पिशवी आणि पॅन्टच्या उजव्या खिशात वीतभर लांबीची स्टीलची टॉर्च. तिच्या वजनाने पॅन्ट एका बाजूला ओघळलेली. थांब्यावरची कॉलेजची पोरं रोज तोच विनोद करतात, "काय काका, सूर्य दिसत नाही का?" काका रोज तेच उत्तर देतात, "दिसतो ना. पन मी जितं जातो तितं तो येत नाय." पोरं हसतात. मला त्या पोरांचा राग येत नाही. मला ज्यांचा राग येतो ती माणसं बसने प्रवास करत नाहीत.

मी सुचिता. वाशीला राहते आणि जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात नोकरी करते. गोटीकाका तिथे सर्व्हेयर आहेत. यार्डात रिकामे कंटेनर येतात, ज्यांना आम्ही नुसतं 'बॉक्स' म्हणतो. त्यात नवा माल भरण्याआधी बॉक्स धड आहे का ते कोणीतरी आत जाऊन बघावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे काका. ते बघतात आणि कागदावर लिहितात, मी ते एसीत बसून कॉम्प्युटरवर चढवते. याशिवाय माझ्या टेबलावर यार्डाच्या भोंग्याचा माइक आहे. मोबाइल सगळ्यांचे गेटवरच जमा होतात, त्यामुळे कोणाला बोलवायचं तर माझ्या तोंडूनच. या माइकबद्दल पुढे सांगायचं आहे.

आधी टॉर्चचं सांगते. रिकामा बॉक्स म्हणजे चाळीस फूट लांबीची लोखंडी पेटी. दार उघडं असलं तरी मागच्या टोकाला भरदुपारी काळोख. काका टॉर्च मारत आत जातात. फळीतून वर आलेला खिळा, तेलाचा डाग, मागच्या मालाचा वास, सगळं तपासतात. मग खरी परीक्षा. बाहेरचा माणूस दार लावून घेतो आणि काका टॉर्च विझवून अंधारात उभे राहतात. डोळे सरावले की छताकडे बघायचं. कुठे टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला की तिथे भोक आहे, तिथून पाणी आत येणार. त्याला खडूने गोल करायचा. झालं की टॉर्चच्या बुडाने दारावर दोन ठोके द्यायचे, ठक ठक, की बाहेरचा माणूस दार उघडतो. या दाराला आतून कडी नसते. म्हणून ती टॉर्च स्टीलचीच हवी. उजेड कुठलीही देईल, ठोका सगळ्या देत नाहीत.

आणि यार्डाचा एक नियम आहे, कुठेही न लिहिलेला पण सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला. दार उघडं म्हणजे बॉक्स बघायचा बाकी. दार बंद म्हणजे बघून झाला. बंद दिसला आणि दाराशी कोणी नसलं की स्टॅकरवाला, म्हणजे कंटेनर उचलणाऱ्या अजस्र मशीनचा चालक, येतो आणि उचलून चळतीवर चढवतो. तो कोणाला विचारत नाही, विचारायची पद्धतच नाही.

काका धरून सर्व्हेयर तीन. पूर्वी प्रत्येकाच्या दाराशी एक माणूस असायचा. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी वर बसून हिशेब केला की दार धरून उभं राहणं हे काही काम नाही. दोन माणसं कमी झाली. उरली एकटी पुतळा नावाची बाई. जासईचीच, पंचेचाळीशीची, कंत्राटावर. बॉक्स झाडायचे आणि तिघांचीही दारं लावायची-उघडायची. एकाचं लावून दुसऱ्याकडे धावायचं, तिथून परत पहिल्याकडे. काका म्हणाले, "बाय, हे बरोबर नाय. एक अर्ज टाइप कर." मी केला. असे पाच अर्ज मी टाइप केलेत. पाचही रणजीत साहेबांकडे गेले, म्हणजे आमच्या मॅनेजरकडे, आणि पाचही पालथ्या घड्यावर पाणी. प्रत्येकावर एकच शेरा, 'विचाराधीन'. एवढा विचार माणूस मुलीचं स्थळ बघतानाही करत नाही.

मे महिन्यात सुरक्षा सप्ताह आला. मुंबईहून पाहुणे येणार होते, कामगारांना सुरक्षेचं प्रशिक्षण दिलंय की नाही ते तपासायला. प्रशिक्षण दिलेलं नव्हतंच. म्हणून साहेबांनी ठरवलं की सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि बॅनरपुढे एक फोटो काढायचा. साडेबाराला ते माझ्या टेबलाशी आले. "सुचिता, अनाउन्स कर. सगळे कामगार, असाल तसे, ताबडतोब." मी माइक दाबला आणि म्हणाले, "सर्व कामगारांनी असाल तसे ताबडतोब ऑफिससमोर यावे." दोनदा म्हणाले. आवाज चांगला आहे माझा, शाळेत प्रार्थना सांगायचे.

त्या वेळी पुतळा काकांच्या दाराशी होती. काका आत, दार बंद. ती जागची हलली नाही, हे मी शपथेवर सांगते, कारण दुसऱ्या घोषणेनंतरही ती आली नाही म्हणून साहेब स्वतः गाडी घेऊन तिला आणायला गेले. तिथे काय झालं ते पुतळाने मला नंतर सांगितलं.

"साहेब, गोटीदादा आतमदी हाय. ठोका आला का उघडते आनि येते."

"मी उघडतो. तू पळ, पाहुणे खोळंबलेत."

पुतळा पळाली. साहेबांना फोन आला. फोन फक्त त्यांच्याकडेच असतो. बोलत बोलत ते गाडीत बसले आणि निघून आले. पुढचं कोणीही सांगू शकेल. बंद दार बघून स्टॅकरवाला आला, त्याने बॉक्स उचलला आणि चळतीवर तिसरा म्हणून ठेवून दिला. त्याची काही चूक नाही. त्याच्या केबिनला काचा, वर इंजिनाची घरघर, त्याला ना भोंगा ऐकू येतो ना आतला ठोका.

इकडे आम्ही फोटो काढत होतो. पुतळाने रांगेत उभं राहून विचारलं, "साहेब, दादांचं दार उघडलं ना?" साहेब बॅनर सरळ करत म्हणाले, "हो हो, तू समोर बघ." तो फोटो माझ्याकडे आहे. पुतळा पुढच्या रांगेत आहे, हात जोडून उभी, आणि खाली वेळ छापून आली आहे, बारा वाजून बावन्न मिनिटं.

एक वाजता जेवणाची सुट्टी झाली. पुतळा डबा न उघडता जागेवर गेली आणि धापा टाकत परत आली. "सुचिताबाय, बॉक्स नाय तितं. दादा पन कुटं दिसत नाय." मी विचारलं, नंबर काय होता? तिला नंबर वाचता येत नाही. "निला होता," म्हणाली. आमच्या यार्डात नऊशे बॉक्स आहेत आणि त्यातले निम्मे निळे. बाहेर लोखंडाला हात लावला तर चटका बसावा असं ऊन, आणि त्यातल्या एका पेटीत माणूस. मी त्याच माइकवरून ओरडले असते, पण आतल्या माणसाला माइक काय कामाचा?

सुट्टीत सगळी मशिनं थांबतात. दिवसभरात यार्ड तेवढाच वेळ गप्प असतं. आम्ही दोघी चळतींच्या मधल्या बोळातून धावत होतो. पुतळाने एकदम माझा दंड धरला. "थांब."

ठक ठक. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा ठक ठक.

तो मदतीचा आरडाओरडा नव्हता. रोजचा, काम झालं, दार उघड, असा सांगणारा ठोका होता. तो माणूस पाऊण तास त्या भट्टीत बसून आपल्या ठरलेल्या पद्धतीने दार उघडायला सांगत होता. मला तिथेच रडू फुटलं. पुतळा मात्र स्टॅकरवाल्याला जेवणावरून ओढत घेऊन आली.

बॉक्स खाली आला, पुतळाने दांडे ओढून दार उघडलं. काका दाराला टेकून बसले होते. शर्ट काढून त्यांनी डोक्यावर बांधला होता, ओठ पांढरे पडले होते. पुतळाने त्यांच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली. दोन घोट घेऊन ते माझ्याकडे बघत म्हणाले, "उजव्या कोपऱ्यात वर भोक हाय. गोल केलाय. लिव."

मी लिहिलं. काय करणार?

डॉक्टरांनी काकांना सलाइन लावून एक रात्र ठेवून घेतलं आणि मग घरी सोडलं. चौथ्या दिवशी ते कामावर आले आणि त्याच दिवशी साहेबांनी मला आत बोलावून अहवाल सांगायला सुरुवात केली. मी टाइप करत गेले. 'संबंधित महिला कामगार परवानगीशिवाय जागा सोडून गेल्याने सदर प्रकार घडला. तिला कामावरून कमी करण्यात येत आहे. यापुढे प्रत्येक कामगाराने टॉर्च बाळगणे बंधनकारक राहील.' चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मला टाइप करतानाच कळत होतं. तरी मी शेवटच्या पूर्णविरामापर्यंत टाइप केलं, प्रिंट काढली आणि काकांना सही करायला बोलावलं. माझ्या फ्लॅटचा हप्ता आहे, मुलीची फी आहे, अशी कारणं मी मनात तयार ठेवली होती. आज ती लिहितानाही लाज वाटते.

साहेबांनी काकांना खुर्ची दिली आणि एक खोकं पुढे केलं. त्यात नव्या टॉर्च होत्या, पिवळ्या प्लास्टिकच्या, कंपनीचं नाव छापलेल्या, पेनाएवढ्या हलक्या. "गोटीराम, तुमच्या टॉर्चमुळे तुम्ही वाचलात. म्हणून सगळ्यांना देतोय. बघा, तुमच्यामुळे केवढा बदल झाला."

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

काकांनी अहवाल वाचला. ओळीवर बोट ठेवून, सावकाश. मग खोक्यातली एक पिवळी टॉर्च उचलली आणि टेबलाच्या लोखंडी पायावर दोनदा आपटली. दुसऱ्या फटक्याला तिचं बूड फुटलं, सेल घरंगळत साहेबांच्या बुटाशी गेले.

"हिचा आवाज येत नाय, साहेब," काका म्हणाले. मग त्यांनी खिशातली स्वतःची काढली. तिच्या बुडाचं स्टील ठोकून ठोकून चपटं झालंय. "हिचा येतो. पन बॅटरीनं मी वाचलो नाय. बॅटरी आत होती, माझ्यासंगं. बाहेर ऐकनारी होती, म्हनून वाचलो. तिलाच काढता?"

"ती जागा सोडून गेली, गोटीराम. रेकॉर्ड आहे."

"मी दोन वर्सं सांगतोय, दाराशी मानूस द्या. मी बॅटरी मागितलीच नव्हती."

त्यांचा आवाज चढला नाही, फुटला. एवढ्या वर्षांत मी तो कधी तसा ऐकला नव्हता. आणि मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "साहेब, घोषणा मी केली होती."

"सुचिता, तुला कोणी विचारलंय का?"

"नाही विचारलं. म्हणून सांगतेय. 'असाल तसे ताबडतोब' असं मी म्हणाले, तुम्ही सांगितलंत म्हणून. ती तरी आली नाही. मग तुम्ही गेलात आणि दार मी उघडतो म्हणालात."

साहेब काही बोलायच्या आत मी पेन घेतलं, अहवालाच्या खाली हेच सगळं हाताने लिहिलं, वेळेसकट, आणि सही केली. फोटोही सोबत जोडते म्हणाले, बारा बावन्नचा. शेजारी काकांनी त्यांची सही केली.

तो कागद मुंबईला गेलाच नाही. साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे. पुतळा कामावर आहे. माझी या वर्षीची पगारवाढ तेवढी विचाराधीन आहे. दाराशी दुसरा माणूस मिळाला का? नाही. सहावा अर्जही मी टाइप केला आणि त्यावरही तोच शेरा आला. आता काकांनी आणि बाकी दोघांनी आपसात ठरवलंय की एका वेळी एकच बॉक्स बंद करायचा आणि पुतळाने त्याच दाराशी उभं राहायचं. दिवसाला साठ व्हायचे तिथे चाळीस होतात. साहेब रोज ओरडतात. ओरडू देत. पिवळ्या टॉर्च स्टोअरमध्ये पडून आहेत, एक सोडून सगळ्या धड.

गेल्या महिन्यात पुन्हा पाहुणे आले. पुन्हा बॅनर, पुन्हा फोटो. साहेब टेबलाशी आले. "सगळ्यांना बोलव."

मी माइक दाबला. "सर्व कामगारांनी ऑफिससमोर यावे. ज्यांचा हात दारावर आहे त्यांनी जागचं हलू नये." हे दुसरं वाक्य मी तीनदा म्हणाले.

साहेब लालबुंद झाले, पण पाहुणे शेजारीच उभे होते. मी खिडकीतून बघितलं. पुतळा एका निळ्या दाराला दोन्ही तळहात टेकवून उभी होती. तिने मान वळवून ऑफिसकडे पाहिलंसुद्धा नाही. आता मी ती खिडकी उघडीच ठेवते, एसीचं काय व्हायचं ते होवो. फोटोवाला सगळ्यांना जवळ सरकायला सांगत होता, मशिनंही थांबली होती, तेव्हा लांबून दोन ठोके ऐकू आले आणि पाठोपाठ दांडे ओढल्याचा आवाज.

तो फोटो साहेबांनी फ्रेम करून माझ्या टेबलासमोरच लावलाय. त्यात पुतळा नाही, गोटीकाकाही नाहीत. मी रोज कामाला बसण्याआधी एकदा नीट बघून घेते, की ते दोघं त्यात नाहीत.